चाळीसपैकी छत्तीस गुण आणि व्यायामाची कोरी वही

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही कुडाळला फिजिओथेरपिस्ट आहात, बालसंधिवाताची आठ मुलं तुमच्याकडे येतात, वयं सहा ते पंधरा. प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी ‘मुलांची प्रेरणा मोजा’ असं सांगितलं, म्हणून मोठ्या माणसांसाठीची एक इंग्रजी प्रश्नावली तुम्ही मराठीत आणली आणि सगळ्यांकडून भरून घेतली. आठही जणांना चाळीसपैकी पस्तीसच्या वर गुण पडले, बहुतेक छत्तीसच्या आसपास. पण घरच्या व्यायामाच्या वह्या निम्म्याहून जास्त कोऱ्या. तुम्ही विचारलंत, मुलं खोटं बोलतायत का, आणि कोणती प्रश्नावली घेतली असती तर खरं कळलं असतं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारी. रत्नागिरी जिल्ह्यात बावीस वर्षं काम करते आणि त्यातली बरीच वर्षं संधिवाताच्या मुलांबरोबर गेली आहेत. मला जे वाटतं ते आधीच सांगते. मुलं खोटं बोलत नाहीत. तुमच्या कागदाने एक गोष्ट मोजली आणि वहीने दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, आणि त्या दोघींमध्ये जे अंतर पडलंय तेच तुम्हाला मोजायचं आहे. हे सावकाश सांगावं लागेल, कारण याच बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे.

ती चूक आधी. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दहा वर्षांचा मुलगा, डाव्या गुडघ्याचा संधिवात. सलग तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. मी फाइलवर लिहिलं, ‘सहकार्य कमी, प्रेरणा कमी.’ ते वडिलांनी वाचलं. घरी ‘नाटकं पुरे’ सुरू झालं. पुढे ज्यांनी ज्यांनी ती फाइल उघडली, त्यांनी मुलाकडे त्याच चष्म्यातून पाहिलं. दोन महिन्यांनी मी त्याच्या गुडघ्यावर हाताची मागची बाजू ठेवली. निरोगी गुडघा मांडीपेक्षा आणि नडगीपेक्षा किंचित गार लागतो. हा नडगीपेक्षा गरम होता, वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून आले होते आणि पाय पंधरा अंशांनी वाकलेलाच राहत होता. ते पोर दोन महिने आपला गुडघा सांभाळत होतं आणि आम्ही सगळे त्याला आळशी म्हणत होतो. औषध बदललं, रात्री पाय सरळ धरून ठेवणारा स्प्लिंट लागला, पाय सरळ व्हायला वर्ष गेलं. तेव्हापासून सांध्याला हात लावल्याशिवाय मी मुलाच्या मनाबद्दल एक अक्षर लिहीत नाही. तुमच्या आठही मुलांसाठी हे पहिलं करा. जो सांधा आज पेटलेला आहे, त्या मुलाची प्रेरणा आज मोजू नका. डॉक्टरांना कळवा.

सांधा शांत असला तरी प्रेरणेच्या वेशात येणाऱ्या दुसऱ्या गोष्टी असतात. वेळेचंच घ्या. या आजारात विसावल्यावर सांधे धरतात, सकाळी सगळ्यात जास्त. तुमच्याकडे येणारं मूल पहाटे उठतं, वाडीतून रस्त्यापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरतं, मग तास-दीड तास एसटीत पाय दुमडून बसतं आणि उतरल्या उतरल्या तुमच्यासमोर येतं. त्या क्षणी ‘चल, उठून दाखव’ म्हटलं की ते मान हलवतं. त्याला वीस मिनिटं आवारात इकडेतिकडे फिरू द्या आणि मग बघा. मी तर नोंदीच्या वर ठरावीक तीन गोष्टी लिहिते: किती वाजता पाहिलं, आज सकाळी सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागला, आणि रात्री झोप कशी झाली. थकवा हा या मुलांचा फार मोठा आणि फार दुर्लक्षित त्रास आहे. तो दिसत नाही, क्ष-किरणात येत नाही, रक्तातही येईलच असं नाही. घरच्यांना तो ‘कंटाळा’ म्हणूनच दिसतो.

मग औषध. एका अकरा वर्षांच्या मुलीची वही मला आठवते. आईने प्रामाणिकपणे भरलेली होती. बुधवार ते शनिवार व्यायाम, रविवारी संध्याकाळपासून मंगळवारपर्यंत शून्य, आणि हे महिनोन् महिने. मी आईला विचारलं, रविवारी काय असतं? मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाची गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री. तिने मला घरचा प्रसंग सांगितला. गोळीचा स्टीलचा डबा फळीवरून काढताना झाकण नुसतं वाजलं तरी मुलीला उमासे येत. गोळी अजून तोंडात गेलेलीही नसे. पिवळ्या रंगाची ती बारीक गोळी बघून तिला भातावरचं वरणसुद्धा नकोसं झालं होतं. ही प्रेरणेची अडचण नाही, मळमळीची आहे, आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. मळमळीला औषध देता येतं, वेळ बदलता येते, गोळीऐवजी इंजेक्शनचा विचार होतो. हे ठरवणं त्यांचं काम. आपण त्यांच्यापर्यंत ती वही पोचवायची. मुंबईचे डॉक्टर तीन महिन्यांनी एकदा भेटतात, तुतारी एक्स्प्रेसची दगदग करून पालक परळला पोचतात आणि समोर बसल्यावर हे सांगायचं विसरतात. म्हणून मी चिठ्ठी देते, ‘रविवार ते मंगळवार व्यायाम पूर्ण बंद, गोळी दिसताच उमासे.’ दोन ओळी पुरतात.

पावसाळ्याचाही विचार करा. जुलैमधल्या कोऱ्या पानांवर मी कधीच निष्कर्ष काढत नाही. शेवाळलेल्या चिऱ्यांवरून संधिवाताचं मूल घराबाहेर सोडायला आई घाबरते, लावणीत घरचं सगळं मनुष्यबळ शेतात असतं, आणि व्यायाम करून घ्यायला कुणी मोकळं नसतं.

आता तुमच्या छत्तीस गुणांकडे येते. प्रश्न विचारलात तुम्ही, म्हणजे व्यायाम सांगणाऱ्या ताई. शेजारी आई. कागदावर ‘व्यायाम माझ्यासाठी महत्त्वाचा आहे’ अशा वळणाची वाक्यं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल याला काय उत्तर देईल? ‘व्यायामाचे महत्त्व’ हा त्याने निबंध लिहिलेला विषय आहे! त्याने तुम्हाला बरोबर उत्तर दिलं. आणि मनापासून दिलं, कारण व्यायाम महत्त्वाचा आहे हे त्याला खरोखर पटलेलं आहे. तुमच्या प्रश्नावलीने ‘पटणं’ मोजलं. वहीने ‘जमणं’ मोजलं. पटलेलं आहे पण जमेल असं वाटत नाही, ही या आजाराच्या मुलांची अगदी नेहमीची अवस्था आहे. मोठ्या माणसांना सवय बदलायला मदत करणारे समुपदेशक म्हणूनच दोन वेगळे आकडे विचारतात: हे तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा, आणि हे तुला किती जमेल असं वाटतं, शून्य ते दहा. मी पट्टीऐवजी दहा पायऱ्यांची पाखाडी काढते. खाली पऱ्या, म्हणजे ओढा, वर देऊळ. मूल बोट ठेवतं. महत्त्व नवव्या पायरीवर आणि जमणं तिसऱ्यावर, असं चित्र मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. मग एक प्रश्न विचारायचा, आणि तो उलटा विचारायचा. ‘नऊ का नाही?’ असं कधीच विचारू नका, त्यात ओरडा ऐकू येतो. ‘तिसरी म्हणालास, पहिली का नाही म्हणालास?’ असं विचारा. मग मूल स्वतःच सांगू लागतं की त्याला काय काय जमतं.

‘प्रेरणा’ हा शब्द तर मुलांशी बोलताना वापरूच नका. कुठल्याही घरात मूल म्हणत नाही की माझी प्रेरणा कमी आहे. तुमच्याकडचं मूल चार वेगळ्या गोष्टी म्हणतं: ‘माका नको’, ‘माका जमाचा नाय’, ‘दुखतला’ आणि ‘कंटाळो इलो’. आपल्याला हे चारही नकारच वाटतात, पण ‘नको’मध्ये पटलेलं नाही, ‘जमाचा नाय’मध्ये विश्वास नाही, ‘दुखतला’मध्ये भीती आहे आणि ‘कंटाळो’मध्ये एकतर तेच-तेच झालंय किंवा थकवा आहे. प्रत्येकावर आपलं काम वेगळं. इंग्रजीतून आणलेल्या प्रश्नावलीत हे चारही एका बेरजेत जातात आणि ओळखू येत नाहीत. म्हणून तुमच्या वहीत मुलाचा शब्द जसाच्या तसा मालवणीत लिहा, शुद्ध करून लिहू नका.

यापुढचं बरंचसं वयावर, आजाराच्या प्रकारावर आणि घरावर अवलंबून आहे, म्हणून एकच उत्तर देता येत नाही. १६ व्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेला, किमान ६ आठवडे टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला संधिवात म्हणजे बालसंधिवात. त्याचे प्रकार सात आहेत. एका गुडघ्याचा संधिवात असलेली चार वर्षांची मुलगी आणि टाचा व कंबर धरलेला चौदा वर्षांचा मुलगा एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

सात वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रश्नावली देऊच नका. बघा. आमच्या क्षेत्रात ‘पेडियाट्रिक व्होलिशनल क्वेश्चनेअर’ नावाचं निरीक्षणाचं साधन आहे, २ ते ७ वयासाठी. नावात प्रश्नावली असली तरी मुलाला एकही प्रश्न विचारायचा नसतो. मूल खेळताना १४ खुणा बघायच्या: नवीन वस्तू हाताळून बघतं का, स्वतःहून सुरुवात करतं का, अडलं तर मार्ग काढतं का, अशा. प्रत्येक खुणेला चार पायऱ्या: निष्क्रिय, घुटमळणारं, गुंतलेलं, आपणहून करणारं. किती आधार दिल्यावर ती खूण दिसली यावर पायरी ठरते. आणि त्यात जागेची नोंद घ्यायची असते, हे मला त्याचं सगळ्यात मोठं बळ वाटतं.

का ते सांगते. सहा वर्षांचा एक मुलगा माझ्या खोलीत मातीच्या गोळ्यासारखा बसायचा. रंगीत चेंडू, ठोकळे, कशालाच हात लावायचा नाही. चौदापैकी बहुतेक खुणांना मी ‘निष्क्रिय’ लिहिलं. जूनमध्ये त्याच्या घरी गेले. पहिला जोराचा पाऊस होऊन गेला होता, पऱ्याला लाल पाणी आलेलं. मोठा भाऊ कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला निघाला होता आणि हा त्याच्या मागे. चिऱ्याच्या पायऱ्या आडव्या अंगाने, एक हात गडग्याच्या दगडी भिंतीला लावून, आधी दुखरा पाय खाली आणि मग चांगला, असा तो उतरला. कुणी शिकवलं नव्हतं. खाली जाऊन दगड उलटायला बसला तेव्हा उकिडवं बसता येईना, तर एक गुडघा चिखलात टेकवून बसला. कुर्ली निसटली, पुन्हा दगड उलटला. वीस मिनिटं. हेच मूल, हाच आठवडा, हाच गुडघा. माझ्या खोलीत जे कमी होतं ते माझ्या खोलीतच कमी होतं. तेव्हापासून शक्य असेल तिथे मी एक निरीक्षण घरी करते, आणि नाहीच जमलं तर पालकांना दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढायला सांगते, पण मुलाला ‘करून दाखव’ न म्हणता.

आठ ते बारा वयात मुलं उत्तर देऊ शकतात, पण आपल्याला आवडेल तेच देतात. त्यावर सुसान हार्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या प्रश्नावलीत एक साधी युक्ती आहे. ‘तू व्यायाम करतोस का?’ असं विचारायचं नाही. ‘काही मुलं व्यायामाची वेळ झाली की आपणहून चटई पसरतात, आणि काही मुलं आईने तीनदा हाक मारेपर्यंत थांबतात. तू कुणासारखा?’ मग, ‘अगदी तसाच की थोडासा?’ दोन्ही प्रकारची मुलं जगात आहेत हे वाक्यातच आल्यामुळे मुलाला लाज वाटत नाही. हे मी मराठीत रोज वापरते आणि उत्तरं बदलतात, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. आईला त्या वेळी बाहेर ओटीवर बसवा. तिला तेच प्रश्न वेगळे विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर सरासरी काढू नका, दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. किती प्रेरणा आहे यापेक्षा ती कुठल्या जातीची आहे, हे विचारा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १९८० च्या दशकापासून मांडलेला स्वनिर्धारणाचा सिद्धान्त तुम्ही अभ्यासात वाचला असेल. त्याचं सार मुलांच्या भाषेत सांगायचं तर व्यायाम चार कारणांनी होतो. आई ओरडते म्हणून. नाही केला तर वाईट वाटतं, ताईंना तोंड कसं दाखवू म्हणून. गुडघा वाकला तर सायकल मारता येईल म्हणून. आणि करायला मजा येते म्हणून. पहिल्या दोन कारणांवर चाललेला व्यायाम परीक्षा आली, पाहुणे आले, आई आजारी पडली की थांबतो. तिसऱ्या कारणावरचा टिकतो. चौथं कारण या मुलांच्या बाबतीत क्वचितच असतं, आणि ते नाही म्हणून कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. सुजलेलं मनगट रोज दहा वेळा मागे वाकवण्यात कसली मजा?

हे मोजायला मी चार पुठ्ठ्याची कार्डं केली आहेत, प्रत्येकावर एक चित्र आणि एक वाक्य. मुलाच्या हातात दहा वाळवलेल्या आठळ्या देते आणि सांगते, ज्या कारणाने तू जास्त करतोस तिथे जास्त ठेव. आधी मी चिंचोके वापरायचे, पण बोटं सुजलेल्या मुलांना चिंचोका चिमटीत धरता येईना, म्हणून फणसाच्या आठळ्या. ज्या दिवशी आठळीही घसरते, त्या दिवशी हाताची वेगळी नोंद करते. एका तेरा वर्षांच्या मुलाने दहाच्या दहा आठळ्या ‘वाईट वाटतं म्हणून’ या कार्डावर ठेवल्या होत्या, नीट रांगेत. त्याची वही मात्र रोज भरलेली असायची. वही बघून सगळे त्याचं कौतुक करत होते. मला त्याची सर्वात जास्त काळजी वाटली. आजार हा आपला अपराध आहे असं तो समजत होता, आणि त्याला व्यायामाच्या आधी समुपदेशकाची गरज होती.

तुम्ही संशोधन करताय म्हणून या आठळ्यांची मर्यादा स्पष्ट सांगते. बेरीज नेहमी दहाच असते. एका कार्डावर वाढल्या की दुसऱ्यावर कमी होणारच. त्यामुळे दोन मुलांची तुलना यावरून करता येत नाही, गटाची सरासरी काढून तिला नेहमीच्या सांख्यिकी चाचण्या लावता येत नाहीत. तेच मूल सहा आठवड्यांनी आठळ्या कशा हलवतं, एवढंच बघायचं.

तिसऱ्या कार्डावर आठळ्या याव्यात, तर मुलाला स्वतःला काय हवं आहे ते कळायला हवं. ‘गुडघ्याचा कोन दहा अंशांनी वाढावा’ हे तुमचं-माझं ध्येय आहे. मघाच्या त्या गोळीवाल्या मुलीला मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘गौरीला फुगडी.’ दोन वर्षं ती ओटीवर बसून बाकीच्या मुलींच्या फुगड्या मोजत होती. तिची मनगटं धरलेली होती आणि फुगडीत सगळा ताण मनगटावर येतो. डॉक्टरांना विचारलं, आजार तेव्हा शांत होता, त्यांनी हरकत घेतली नाही. मग आम्ही तिच्या ध्येयाची पाच पायऱ्यांची पट्टी केली. किरेसुक आणि शेरमन यांनी १९६८ मध्ये ही पद्धत मांडली. अपेक्षित पायरीला शून्य, त्याखाली उणे एक, उणे दोन, वर अधिक एक, अधिक दोन. तिची पट्टी अशी होती: ओटीवर बसून बघणं उणे दोन. झिम्म्याच्या रिंगणात नुसतं उभं राहणं उणे एक. टाळ्या देत एक झिम्मा पूर्ण करणं शून्य. हाताचे तळवे न धरता एकमेकींचे दंड धरून फुगडीचे पाच फेरे अधिक एक, आणि दहा फेरे अधिक दोन. नागपंचमीपासून सुरुवात केली. गौरीच्या रात्री ती अधिक एकवर पोचली, सात फेरे. त्या चार-पाच आठवड्यांची वही मी जपून ठेवली आहे. मधे दोनदा मनगट दुखलं म्हणून तिने स्वतः दोन दिवस विश्रांती घेतली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पुन्हा सुरू केलं. ‘स्वतः’ हा शब्द आईने लिहिला होता. ही माझ्या दृष्टीने प्रेरणेची नोंद आहे. कुठल्याही चाळीसपैकी गुणांपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवते.

वहीबद्दल एक सावधगिरी. तीस दिवसांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच उताराने केलेल्या असतील तर त्या आदल्या रात्री भरलेल्या आहेत. रागावू नका. फक्त ‘झालं/नाही’ अशी खूण मागू नका, ‘आज कुठलं सोपं गेलं?’ एवढाच एक शब्द मागा. तो आदल्या रात्री बसून रचणं अवघड जातं. शिवाय तुमच्या खोलीत तग धरणं मोजता येतं. ‘डायमेन्शन्स ऑफ मास्टरी क्वेश्चनेअर’ या साधनामागचा विचार उपयोगी आहे: मुलाला जेमतेम जमेल, अगदी सोपंही नाही आणि अशक्यही नाही, असं काम दिल्यावर ते किती वेळ चिकाटीने करतं. पण काम प्रत्येक मुलासाठी वेगळं निवडावं लागतं, कारण एकाला जेमतेम जमणारं दुसऱ्याला अशक्य असतं. बरणीचं झाकण हे एकीसाठी रोजचं काम आणि दुसरीसाठी डोंगर.

तुम्ही सीएचएक्यू, म्हणजे मुलांना रोजची कामं किती जमतात हे विचारणारी प्रश्नावली, वापरणार आहात असंही लिहिलंय. वापरा, पण ती क्षमता मोजते, प्रेरणा नाही, आणि मूळ रूपात टबमध्ये उतरणं, मांस कापणं, सीरियलचा नवा खोका उघडणं असले प्रश्न आहेत. तुमच्या मुलांसाठी मांडी घालणं, उकिडवं बसणं, भाकरी मोडणं, माशाचे काटे काढणं यांची वेगळी नोंद ठेवा. मूळ गुणांकनात मात्र ती मिसळू नका.

इथवरचं थोडक्यात: आधी सांधा, मग वेळ, झोप, मळमळ. मग महत्त्व आणि जमणं वेगळं. मग कारणाची जात. आणि मुलाने निवडलेल्या ध्येयावरची त्याची पायरी.

तुमच्या प्रबंधाचं काय, हा प्रश्न उरतो. आठ मुलांवर सहसंबंध काढू नका आणि क्रॉनबॅकचा अल्फाही (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढू नका, आठ जणांवर त्याला अर्थ नाही. मार्गदर्शकांना हे पटवणं तुम्हाला जड जाईल, पण आठ मुलं हा तुमचा तोटा नाही. प्रत्येक मुलाची स्वतंत्र मालिका करा. व्यायाम बदलण्याआधी चार-पाच नोंदी, बदलल्यावर दर दोन आठवड्यांनी एक, नेहमी साधारण त्याच वेळी. प्रत्येक नोंदीशेजारी वेदना, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं आणि थकवा. डॉक्टरांकडून मिळाला तर ‘जाडास’ हा बालसंधिवात किती पेटलाय ते सांगणारा निर्देशांक घ्या. त्यात डॉक्टरांचं मत, मुलाचं किंवा पालकांचं मत, पेटलेल्या सांध्यांची संख्या आणि ईएसआर ही दाह दाखवणारी रक्ततपासणी असं चारही येतं. मग जमण्याचा आकडा वाढला तेव्हा आजार उतरला होता की खरोखर उमेद वाढली होती, हे वेगळं सांगता येईल. एकाच दिवशी भरलेल्या प्रश्नावलीतून ते कधीच सांगता येणार नाही.

प्रमाणित प्रश्नावली हवीच असेल तर मुलांसाठी तयार केलेली घ्या, मूळ संशोधकांची परवानगी घ्या, दोघांकडून वेगवेगळा मराठी अनुवाद करून घ्या, तिसऱ्याकडून तो उलटा इंग्रजीत करून घ्या. आणि मग पाच-सहा मुलांसमोर बसून प्रत्येक वाक्यावर विचारा, ‘यात काय विचारलंय असं तुला वाटतं?’ अनुवादाची खरी परीक्षा इथे होते. माझ्या एका अनुवादात ‘मी प्रयत्न सोडत नाही’ असं वाक्य होतं. एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे प्रयत्न हातात धरून ठेवायचे?’ ते वाक्य मी त्याच दिवशी काढलं.

संमतीचं विसरू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलाची लेखी सहमती लागते. मूल नको म्हणालं तर नको. आणि हे आकडे शाळेत किंवा नातेवाइकांत जाणार नाहीत, हे पालकांसमोर स्पष्ट बोला. ‘पोराला दहापैकी तीनच’ असं गणपतीला मुंबईहून आलेल्या काकांच्या कानावर गेलं की मूल पुन्हा कधीही तुमच्यासमोर खरं बोट ठेवणार नाही.

जुने छत्तीस गुण फेकून देऊ नका. ‘महत्त्व’ या मथळ्याखाली ठेवा आणि पुढच्या भेटीला त्याच मुलांकडून पाखाडीवर ‘जमणं’ विचारा. शक्यतो गणपतीच्या आधी, कारण त्यानंतरचे दोन आठवडे कुठल्याच घराचं वेळापत्रक जागेवर नसतं. सर्वात लहान मूल सहा वर्षांचं असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. त्याचा कुठला सांधा धरलाय आणि तुम्हाला त्याच्या घरी जाणं शक्य आहे का, ते कळवा. त्याच्यासाठी काय काय बघायचं ते मी सविस्तर लिहून पाठवते.